थंडीतल्या सायकलस्वारीनंतर हुडहुडी का भरते आणि ती कशी थांबवावी

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या सायकलस्वारांची एक ठरलेली तक्रार निरनिराळ्या शब्दांत ऐकू येऊ लागते. रस्त्यावर असताना फारसे काही जाणवत नाही. उलट गंगापूर धरणाच्या बाजूला जाताना किंवा त्र्यंबक रस्त्यावर महिरावणीच्या पुढे जोर लावताना अंगाला चांगला घाम फुटतो. घरी पोहोचल्यावर मात्र दहा-पंधरा मिनिटांत हुडहुडी भरते, बोटे ठणकू लागतात, कोरडी ढास लागते आणि पुढचा सगळा दिवस अंग मोडून आल्यासारखा जातो. चहा घेतला, कढत पाण्याने आंघोळ केली, रजई ओढून पडून राहिले, तरी पुढच्या रविवारी पुन्हा तेच. हा त्रास टळत नाही याचा दोष सहसा थंडीवर ढकलला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो थांबल्यानंतरच्या पहिल्या पाव तासात आपण कोणती गोष्ट आधी करतो आणि कोणती नंतर, यात दडलेला असतो.

थांबल्यावरच थंडी का वाजते

सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचतो आणि उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. मध्यम वेगाने, म्हणजे पेडलवर सुमारे १५० वॅट इतका जोर लावून चालवणाऱ्या माणसाच्या शरीरात त्या वेळी ५०० वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होत असते. तोच माणूस सायकल भिंतीला टेकवून खुर्चीत बसला की काही मिनिटांत हा आकडा १०० वॅटच्या जवळ येतो. उष्णता निर्माण होणे असे एकदम घटते, पण ती बाहेर टाकण्यासाठी शरीराने केलेली व्यवस्था लगेच बंद होत नाही: त्वचेकडचा रक्तपुरवठा वाढलेलाच असतो आणि घामाने भिजलेले कपडे अंगाला चिकटलेलेच असतात. त्यात रस्त्यावर गार पडलेल्या हातापायांमधून रक्त पुन्हा मोकळेपणाने वाहू लागले की ते थंड होऊनच शरीराच्या मध्यभागाकडे परतते. त्यामुळे उबदार घरात आल्यानंतरही आतले तापमान काही काळ किंचित घसरत राहू शकते. घरात पाऊल टाकल्यावर कापरे सुटते ते यामुळे, आणि म्हणूनच ‘बाहेर काही झाले नाही, आत आल्यावरच कसे झाले’ हे कोडे पडते.

नाशिकच्या हवेची यात स्वतंत्र भर पडते. डिसेंबर-जानेवारीत इथला पहाटेचा पारा अनेकदा एक आकडी असतो, निफाडकडे तर तो आणखी खाली जातो, आणि सर्वांत जास्त गारठा सूर्योदयाच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत सात वाजण्याच्या आगेमागे असतो. मात्र हीच हवा दहा वाजेपर्यंत चांगली तापते. पहाटे सहाच्या थंडीचा विचार करून जाड स्वेटर आणि त्यावर रेनकोटच्या कापडाचे जॅकेट चढवून निघालेला माणूस तासाभरात आतून निथळू लागतो. पुण्या-मुंबईहून इकडे आलेल्या नव्या सायकलस्वारांना हमखास ‘भरपूर कपडे घाला’ असा सल्ला मिळतो. माझ्या मते या त्रासाचे निम्मे मूळ त्या सल्ल्यात आहे.

आधी खात्री करून घ्या

आपला त्रास घामाचा आहे की नुसत्या गारठ्याचा, हे ओळखण्याचा सोपा उपाय स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आहे. निघण्यापूर्वी आतले आणि बाहेरचे कपडे कोरडे असताना तोलावेत आणि आल्याबरोबर, उतरवल्या उतरवल्या, पुन्हा तोलावेत. वजनात जो फरक पडेल तेवढे पाणी आपण अंगावर वागवत आलो आहोत. सुती टी-शर्ट आणि त्यावर स्वेटर असेल तर १०० ग्रॅमचा फरक पडणे मुळीच अवघड नाही. हा फरक नगण्य असूनही कापरे भरत असेल, तर मात्र वाऱ्यापासूनचे संरक्षण अपुरे आहे किंवा पोटात काहीच नाही, असे समजून पुढे जावे.

या १०० ग्रॅम पाण्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. त्वचेच्या तापमानाला एवढे पाणी वाळण्यासाठी सुमारे ५८ किलोकॅलरी उष्णता लागते. सगळी काही शरीरातून जात नाही, थोडी हवेतूनही मिळते. पण निम्मी जरी आपल्या अंगातून गेली असे धरले, तरी ती २९ किलोकॅलरी होते. आता चहाकडे पाहू. ६० अंशांचा २०० मिलिलिटर चहा प्यायल्यावर तो शरीराच्या तापमानापर्यंत निवेपर्यंत आपल्याला जेमतेम साडेचार किलोकॅलरी उष्णता देतो. म्हणजे ओले कपडे अंगावर तसेच ठेवून जे गमावले, ते नुसत्या चहाच्या उष्णतेने भरून काढायचे तर असे सहा मग प्यावे लागतील. चहातली साखर त्याहून अधिक ऊर्जा देते, हातांना ऊब मिळते, मनाला बरे वाटते, हे सगळे मान्य. चहाला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण कपडे बदलण्याआधी चहा, हा क्रम चुकीचा आहे.

थांबल्यावर काय, कशानंतर

सायकल थांबवल्यानंतर पहिली गोष्ट म्हणजे वरचे सगळे ओले कपडे उतरवणे. गप्पा, फोटो, त्या दिवशीची नोंद फोनवर चढवणे हे सगळे त्यानंतर. कपडे काढल्यावर पंचाने किंवा टॉवेलने पाठ, छाती, काखा आणि मान खरखरून पुसावी, कारण ओल्या अंगावर घातलेला कोरडा सदरा पुन्हा ओलाच होतो. मग कोरडी बनियन, त्यावर लोकरीचे किंवा फ्लीसचे काहीतरी, आणि लगेच कानटोपी. हेल्मेटखाली केस घामाने भिजलेले असतात आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून टोपी घालण्यापूर्वी डोके कोरडे करणे आवश्यक आहे. पायमोजेही याच वेळी बदलावेत. गार फरशीवर अनवाणी फिरल्याने पाय ऊब धरायला उगाच वेळ लावतात.

त्यानंतर पाच-दहा मिनिटे घरातल्या घरात हलते राहावे. थेट पलंगावर अंग टाकण्यापेक्षा सायकल पुसणे, साखळीवरची धूळ काढणे अशी हलकी कामे करत राहिल्यास स्नायूंमध्ये थोडी उष्णता निर्माण होत राहते आणि पायांत साठलेले रक्त वर येत राहते. चहा, गूळ घालून केलेला काढा किंवा नाचणीची गरम पेज यांची वेळ ही.

आंघोळ सर्वांत शेवटी. व्यायाम संपल्यानंतर रक्तदाब तसाही थोडा उतरलेला असतो. त्यातच कढत पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की चक्कर येऊन न्हाणीघरात पडण्याचा धोका असतो. कापरे पूर्ण थांबल्यावर, साधारण वीस मिनिटांनी, कोपराला सुखद वाटेल एवढ्याच गरम पाण्याने आणि शक्यतो स्टुलावर बसून आंघोळ करावी.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण हा मुद्दा थंडीपेक्षा गंभीर आहे. अनेक घरांत गॅस गिझर थेट लहानशा, बंद न्हाणीघरात बसवलेला असतो. हवा पुरेशी नसेल तर त्यात गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि दमलेल्या माणसाला येणारी गुंगी व्यायामामुळे आली असेच वाटते. अशा दुर्घटनांत राज्यात यापूर्वी माणसे दगावलेली आहेत. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असणे हाच खरा उपाय. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन बसण्यालाही हाच धोका लागू आहे.

मिसळीच्या थांब्याचा प्रश्न

रविवारची सामूहिक स्वारी नाशकात बहुधा घरी संपत नाही, ती मिसळीवर संपते. त्यात गैर काही नाही. मोड आलेली मटकी आणि पाव हा स्वारीनंतरचा वाईट आहार म्हणता येणार नाही, तर्रीचे प्रमाण आवरते ठेवले म्हणजे झाले. अडचण जागेची आहे. शहराच्या कडेची मिसळीची बरीचशी ठिकाणे झाडाखाली, उघड्यावर, बागेत टेबले मांडलेली असतात. तिथे ओल्या जर्सीवर पाऊण तास बसणे म्हणजे वर वर्णन केलेली सगळी प्रक्रिया आरामात घडू देणे आहे. शिवाय तिखटाने कपाळावर आणि मानेवर नव्याने घाम येतो, अंग गरम झाल्याचा भास होतो आणि उष्णता मात्र बाहेर पडत राहते. त्यानंतर घरापर्यंतचे उरलेले अंतर भरल्या पोटी, सावकाश, म्हणजे फारशी उष्णता निर्माण न करता कापायचे असते. कापरे नेमके या टप्प्यात सुरू होते, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी दुसरे कारण शोधण्याची गरज नाही.

उपाय साधा आहे. एक कोरडी बनियन आणि पातळ विंडचीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जर्सीच्या मागच्या खिशात किंवा सीटखालच्या पिशवीत न्यावी, आणि मिसळ सांगण्यापूर्वी बनियन बदलावी. बसायला ऊन असलेली, भिंतीच्या आडोशाची जागा निवडावी.

बोटांचा ठणका

बोटे बधिर होणे आणि नंतर ठणकणे या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत. गारठ्यात शरीर मध्यभाग उबदार ठेवण्यासाठी बोटांकडच्या रक्तवाहिन्या आकसते. परत ऊब मिळाल्यावर रक्त एकदम वाहू लागते आणि मंदावलेल्या नसा जाग्या होताना कळ येते. ही कळ काही मिनिटांत ओसरते. अशा वेळी बधिर बोटे कढत पाण्यात किंवा शेकोटीच्या अगदी जवळ धरू नयेत, कारण बधिर त्वचेला चटका बसलेला कळत नाही. हात काखेत किंवा पोटावर धरावेत, कोमट पाणी वापरायचे असल्यास त्याची उष्णता दुसऱ्याला पाहायला सांगावी. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी हा नियम काटेकोरपणे पाळावा.

शून्याच्या वरच्या तापमानात हिमदंश होत नाही, त्यामुळे नाशकात त्याची भीती नको. पण दमट गारठ्यात वारंवार राहिलेल्या बोटांवर काही तासांनी लालसर, खाजणारी सूज येऊ शकते; ती बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप जाते. बोटे आधी पांढरीफटक, मग निळी आणि शेवटी लाल अशी स्पष्ट रंग बदलत असतील, तर तो रक्तवाहिन्यांचा वेगळा विकार असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरांना दाखवावे.

पायांच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. नेहमीच्याच बुटांत दोन-दोन पायमोजे कोंबल्याने पाय अधिक गार पडतात, कारण बूट घट्ट होऊन रक्तपुरवठा दबतो आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही. त्यापेक्षा एकच लोकरीचा मोजा घालावा आणि सायकलच्या बुटांना पुढे जी जाळी असते तिच्यावर बाहेरून चिकटपट्टी लावावी. पट्टी दिसायला बरी दिसत नाही, पण वारा अडवते.

थांबल्यावर लागणारी ढास

थंड हवेत बाष्प कमी असते. जोर लावताना आपण तोंडाने, मोठ्या प्रमाणात श्वास घेतो, तेव्हा श्वासनलिकांचे अस्तर कोरडे आणि गार पडते आणि काही जणांच्या श्वासनलिका त्यामुळे आकुंचन पावतात. हा परिणाम थांबल्यानंतर साधारण पाच ते पंधरा मिनिटांत सर्वाधिक असतो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो, म्हणून खोकलाही घरी आल्यावरच सुरू होतो. नाका-तोंडावर पातळ बफ, म्हणजे गळ्यात घालायची नळीसारखी कापडी पट्टी, ओढून घेतल्यास उच्छ्वासातले बाष्प आणि ऊब पुढच्या श्वासाला उपयोगी पडते. सुरुवातीच्या पाव तासात मध्येच तीस-चाळीस सेकंदांचे दोन-चार जोरकस तुकडे घेऊन पुन्हा सावकाश चालवल्यानेही पुढचा त्रास अनेकांना कमी होतो. छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा दम्याचा पूर्वेतिहास असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने स्वारीपूर्वी इनहेलर घेता येतो.

खोकल्याचे खापर केवळ थंडीवर फोडू नये. हिवाळ्याच्या पहाटे हवेचा गार थर जमिनीलगत बसून राहतो आणि कचरा जाळल्याचा, शेकोट्यांचा धूर त्यातच कोंडतो. निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यात कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी बागेत धूर करतात; ती त्यांची गरज आहे. असा धूर दिसल्यास आपण रस्ता बदलावा किंवा ऊन पडल्यावर निघावे.

त्रास मुळातच होऊ नये म्हणून

घरातून बाहेर पडण्यापूर्वी पाच-सात मिनिटे जागच्या जागी गुडघे उचलणे, बैठका, खांदे फिरवणे एवढे केले तरी स्नायू बऱ्यापैकी मोकळे होतात. पहिली पंधरा मिनिटे हलक्या गिअरवर, पाय भरभर फिरवत चालवावे. गार गुडघ्यांवर जड गिअरचा भार टाकल्याने गुडघ्याच्या वाटीभोवतीची दुखणी सुरू होतात. गुडघे झाकलेले असावेत, अर्धी चड्डी ही पहाटेच्या गारठ्यात शौर्याची गोष्ट नाही.

कपड्यांचे गणित असे ठेवावे की दारातून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर अर्ध्या तासात घाम येणार, हे नक्की. अंगालगत घाम बाहेर ओढणारी सिंथेटिक किंवा लोकरी बनियन, त्यावर जर्सी आणि सर्वांत वर पुढून वारा अडवणारे पण पाठीकडून हवा जाऊ देणारे पातळ जाकीट, एवढे पुरते. हातमोजे पूर्ण बोटांचे आणि कान झाकणारी पट्टी हेल्मेटखाली. घाम येण्याच्या आधीच जाकिटाची चेन उघडावी. घाम आल्यानंतर उघडली तर तोच घाम वाऱ्याने गार होतो.

उतार हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. हवा ८ अंशांची असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा अंगावर आला तर त्वचेला ती ४ अंशांची असल्यासारखी जाणवते, आणि उतारावर पाय तर थांबलेले असतात. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना जी जर्सी चिंब होते, तीच उतरताना अंगावरचे गार फडके होते. त्र्यंबकहून परततानाही उताराच्या भागात हेच, सौम्य प्रमाणात, घडते. म्हणून माथ्यावर थांबून आधी आतली बनियन बदलावी, जाकीट गळ्यापर्यंत बंद करावे आणि उतारावरही हलक्या गिअरवर पाय फिरवत राहावे. जवळ काहीच नसेल तर टपरीवरून कालचे वर्तमानपत्र मागून घ्यावे आणि त्याच्या चार-पाच घड्या छातीवर जर्सीच्या आत सरकवाव्यात. युरोपातले शर्यतीतले सायकलपटू घाटमाथ्यावर पूर्वापार हेच करत आले आहेत. उतार संपल्यावर कागद काढून टाकावा, कारण तोही घामाने भिजतो.

घर जवळ आल्यावर शेवटची दहा मिनिटे वेग कमी करावा, पण पेडल मारणे सोडून नुसते घरंगळत येऊ नये.

दिवसभराचा थकवा

हा थकवा थंडीमुळे आला असे वाटते, पण तो पुष्कळदा उपाशीपोटाचा आणि कमी पाणी प्यायल्याचा असतो. गारठ्यात तहान कमी लागते, लघवी मात्र जास्त होते, आणि घाम कपड्यांत मुरल्याने किती गेला ते कळत नाही. दोन तासांच्या स्वारीत अर्धा ते पाऊण लिटर पाणी पोटात जावे. बाटलीत गार पाणी नको वाटत असेल तर निघताना कोमट भरावे. पहाटे काही न खाता निघणाऱ्यांनी निदान एक केळे किंवा दोन-चार खजूर खावेत. परतल्यावर तासाभरात पिष्टमय पदार्थांबरोबर सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळावीत: पोहे किंवा उपमा, दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध एवढ्यात हे जवळपास भागते. अंडी न खाणाऱ्यांनी पनीर किंवा मुगाचे धिरडे घ्यावे. मद्याने अंग गरम होते ही समजूत मात्र सोडून द्यावी. त्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता अधिक जाते.

डॉक्टरांकडे केव्हा

कापरे भरलेल्या माणसाचे बोलणे अडखळू लागले, हेल्मेटचा बंद काढता येईना, तो गोंधळल्यासारखा वागू लागला किंवा अंग गारच असताना कापरे अचानक थांबले, तर शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरत आहे असे समजून त्याला कोरडे करून पांघरूण घालावे आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे. थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, त्यामुळे स्वारीदरम्यान किंवा नंतर छातीवर दाब आल्यास, डावा हात किंवा जबडा दुखल्यास तो गारठ्याचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. चाळिशीनंतर नव्याने सायकल हाती घेणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हिवाळ्यापूर्वीच तपासणी करून घेतलेली बरी.

कपडे बदलण्याचा क्रम, खाणेपिणे आणि उतारावरची काळजी हे सगळे तीन-चार आठवडे नीट पाळूनही दर वेळी कापरे भरत असेल, किंवा बरोबरच्या सगळ्यांपेक्षा आपल्यालाच फार थंडी वाजत असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची रक्ततपासणी करावी. रक्तक्षय आणि थायरॉइडची मंदावलेली क्रिया या दोन्हींत थंडी सहन होत नाही, आणि त्यावर जाकीट बदलून उपाय होत नाही.